वरचं झाकण

माझा विषय सांगितला की लोक आधी हसतात. आता मला त्याची सवय झाली आहे, तेव्हा नव्हती. नात्यातल्या एका हळदीला आत्याने भर मांडवात बाबाला विचारलं, "पोर तुजा शिकतं तरी काय येवढा?" बाबाने छाती पुढे काढून सांगितलं, "कोल्यांवर पीएचडी करतं." आत्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "कोल्यांवर? मग आपल्या आगऱ्यांवर कोन करनार?"

मांडवभर हशा पिकला. बाबाला खुलासा करता आला असता, पण त्याला मजा येत होती. मग मीच तणतणत सांगत बसले, की हा कोळी मासे पकडत नाही, हा पानाच्या खालच्या अंगाला बसतो, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक असतो, रस शोषून भेंडी-वांग्याची पानं पांढुरकी करून टाकतो आणि वर जाळी विणतो. कोणी ऐकत नव्हतं. डीजे सुरू झाला होता.

बाबाला हा कोळी चांगलाच ठाऊक होता. चिखलोलीला आज जिथे आमचा फ्लॅट आहे, त्याच्या आसपासच आमची जमीन होती. भात निघाला की भेंडी, वांगी, वाल. तोडलेली भाजी उल्हासनगरच्या मार्केटला जायची. उन्हं तापली की पिकावर कोळी यायचा, आणि कोळी आला की आई-बाबांचं भांडण सुरू व्हायचं. दरवर्षी, न चुकता.

भांडण असं. बाबा दुकानातून औषधाची बाटली आणायचा. फवारणीच्या पंपात किती झाकणं टाकायची ते बाटलीवर लिहिलेलं असायचं. बाबा तेवढी टाकायचा, आणि मग आणखी एक. त्याला तो 'वरचं झाकण' म्हणायचा. दूधवाला माप झाल्यावर वरून थोडं ओततो, तसं. आमच्याकडे सगळेच टाकायचे. वरचं झाकण न टाकणारा माणूस कद्रू, त्याने मन लावून फवारलंच नाही, अशी समजूत. आई ते पाणी ढवळायची, घाईत असली तर उघड्या हातानेच, आणि ओरडायची, "बास कर. मानसांनी खायची हाय ती भाजी."

आईकडे तिचा वेगळा उपाय होता. तिच्या माहेरी, बारवीकडच्या गावात, निरगुडीचा पाला आणि करंजाच्या बिया उकळून तो काढा पिकावर मारत. मागच्या अंगणात, काळ्याठिक्कर पातेल्यात ती तो उकळायची. वास असा, की शेजारीण दार लावून घ्यायची. बाबा म्हणायचा, "त्यानं कोली मरत नाय, आंगोल करून ताजा होतो." आई म्हणायची, "तू एकदा नीट मारून तर बग." त्याने कधी मारला नाही. बाटल्या मात्र बदलत राहिल्या. एक बाटली काही वर्षं चालायची, मग कोळी तिला दाद देईनासा व्हायचा. "सरावला," बाबा म्हणायचा आणि नवीन आणायचा.

आई गेली ती रक्ताच्या आजाराने. डॉक्टरांना बाबाने एकच प्रश्न विचारला, फवारणीच्या औषधामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, असं एका कारणावर बोट ठेवता येत नाही. ते प्रामाणिकपणे बोलले होते. पण बाबाने स्वतःचा निकाल स्वतःच लावून टाकला होता. पुढे काकांबरोबर त्यानेही जमीन विकायच्या कागदांवर सह्या केल्या, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, आणि बाबा गॅलरीत बसून इथे येणाऱ्या नव्या रेल्वे स्टेशनच्या गप्पा ऐकू लागला. होणार, होणार, एवढंच त्यात असायचं. आईचं नाव निघालं की तो उठून पाणी प्यायला जायचा.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतींपासून केलेल्या कीटकनाशकांवर काम करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या गाईड मॅडमनी विचारलं, निरगुडी आणि करंजच का. मी म्हटलं, सहज मिळतात. त्या म्हणाल्या, चांगलं आहे. आईचा काढा त्याचाच होता हे मी सांगितलं नाही; लोकांसमोर कशाला ते उघडं करायचं?

बाबाला एका रविवारी मी सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, जीन म्हणजे घरातली भांडी समज. मांडणीवर सगळीच असतात, पण आत्ता चुलीवर कुठली चढली आहेत ते बघितलं की घरात काय शिजतंय ते कळतं. आपण कोळ्यावर काढा मारायचा, आणि त्याच्या अंगात कुठली भांडी चुलीवर चढतात ते बघायचं. विष पचवायची भांडी पिढ्यानपिढ्या मोठ्या आचेवर राहिली, तर समजायचं कोळी सरावला. बाबा लक्ष देऊन ऐकत होता. मी सांगितलं, ताडून बघायला एक जीन असा घ्यावा लागतो जो काहीही झालं तरी हलत नाही.

"आसा कोन असतो?" बाबाने विचारलं.

"कोळ्यांत असतो," मी म्हटलं.

तो म्हणाला, "आनि ती पचवायची भांडी नाय चढली तर?"

"तर आईचं बरोबर होतं. काढा टिकला असता."

मी बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्याचा चेहरा उलट खुलला. "तिचाच खरा निगू दे," तो म्हणाला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तिचं खरं निघालं तर तुला काय वाटेल, कळतंय का तुला?" तिचं खरं निघणं म्हणजे त्या बाटल्या कधी लागल्याच नसत्या. त्या पंपात आईचा हात कधी गेलाच नसता. बाबा म्हणाला, "कलतं." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "तरी पन."

कोळ्यांची दोन कुळं वाढवायची होती. दोन्ही वालाच्या रोपांवर. एकावर पिढ्यानपिढ्या ठरल्या वेळी काढा, दुसऱ्यावर नुसतं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळली की सगळं मातीत, आणि लॅबमध्ये जागा एवढीशी. म्हणून पाण्याचं कुळ लॅबमध्ये ठेवलं आणि काढ्याचं आमच्या आतल्या खोलीत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून पसरट ट्रे आणले. त्याला वाटलं केटरिंगचा धंदा काढतेय. ट्रेमध्ये पाणी भरून मध्ये कुंड्या ठेवल्या, म्हणजे कोळी बाहेर जाणार नाहीत. काढा मी लॅबमधून मोजून आणायचे. फवारायचं काम बाबाने मागून घेतलं.

ज्या माणसाने जन्मभर कोळी मारला, तो आता त्यांना जपत होता. ऊन फार झालं की पडदा ओढायचा. पान वाळलं की नवं रोप शेजारी टेकवून ठेवायचा, म्हणजे कोळी आपले आपण चालत नव्या पानावर जातील. चष्मा लावून, त्यावर भिंग धरून पानामागे बघायचा आणि मला फोन करायचा, "अंडी दिली गं बाय." मी रिक्षात असले तर बाजूची बाई दचकून बघायची. फवारताना तो पुटपुटायचा, "घे, मारतो आता तुजा काढा. बग." हे तो कोळ्यांना म्हणत नव्हता. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे आणि मग मुद्दाम चपलांचा आवाज करत आत जायचे.

नमुने घ्यायची वेळ आली. दोन्ही कुळांतले कोळी बारीक ब्रशने उचलून नळ्यांत घातले, बर्फावर ठेवले, चिरडले. या कामात तोंड बंद, हातात मोजे. आपल्या बोटांवरचं नको ते काहीतरी नळीतला आरएनए, म्हणजे कुठला जीन किती चालतोय त्याची नोंद, खाऊन टाकतं, आणि आरएनए गेला की कोळ्याच्या अंगात काय चाललं होतं ते कायमचं गेलं. मशीन चालू केलं की स्क्रीनवर रेषा चढू लागतात. ज्या जीनचं काम जास्त चाललंय त्याची रेषा आधी उठते.

काढ्याच्या कुळात विष पचवणाऱ्या जीनच्या रेषा खूप आधी उठल्या. मी परत चालवलं. पुन्हा तेच. मॅडम खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सरावलेत. नकारात्मक उत्तर हेही उत्तरच असतं." मी मान हलवली. मला आईचा फार राग आला, का ते देव जाणे. एवढं ओरडायचीस, आणि तुझाही काढा तसलाच.

अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षात मी कडेला बसले होते. एमआयडीसीचा तो डोळ्यांना झोंबणारा वास आला आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. अगं, हे तर बाबासाठी चांगलं आहे. त्याने आईचं ऐकलं असतं तरी कोळी सरावलाच असता. बाटली आणावीच लागली असती. म्हणजे त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कागदावर, मशीनने, विज्ञानाने उतरवलं. मला इतकं हलकं वाटलं की अंबरनाथला उतरून मी माव्याची बर्फी घेतली. माझ्या वेडेपणाला तोड नाही.

बाबा आतल्या खोलीत कुंड्यांजवळ होता. मी बर्फी समोर ठेवली आणि म्हटलं, "सरावले, बाबा. आईचा काढाही नसता टिकला. तू तेव्हा मारला असतास, तरी पुढे बाटलीच लागली असती. तुझा काही दोष नाही."

तो खाली बसला, थेट फरशीवर. "मशीन चुकली असंल."

"नाही चुकली. परत परत बघितलं."

"जल्ली तुजी मशीन."

"बाबा, अरे, चांगली बातमी आहे ही. तू सुटलास."

"मना कुठं सुटायचा हाय?" तो म्हणाला. "येवढी वरसं माज्याशी एका गोष्टीवरून भांडली ती. एका. त्या एका गोष्टीत तरी जिंकू दे ना गं तिला."

आणि तो रडायला लागला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. तेव्हा तो माणसांना चहा विचारत फिरत होता. आता गुडघ्यात डोकं घालून, नाक ओढत, लहान पोरासारखा रडत होता. मी बर्फीचं खोकं सरकवलं. मी त्याच्या बाजूला बसले आणि मीही रडले.

रडता रडताच तो म्हणाला, "आनि मी काय कमी नाय केला. तिचा काढा हाय, मन लावून मारू बोललो. तू देत व्हतीस त्याच्यात मी दर खेपेला वरचा टाकत व्हतो."

"वरचं म्हणजे?"

"वरचा झाकन. करंज मी वेगला उकलून ठेवला हाय." त्याने बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या गॅसच्या सिलेंडरच्या मागे एक जुनी बाटली होती, तोंडाला फडकं गुंडाळलेली.

मी ती बाटली काढून वास घेतला. मोजून दिलेलं माप त्याने दर वेळी दाट केलं होतं. दाट मारलं की साधे कोळी मरतात आणि त्यातले चिवट तेवढे उरतात, मग त्यांची पिल्लं आणखी चिवट. पुढच्या पिढीला पुन्हा वरचं झाकण. त्याने आईला जिंकवायला म्हणून जे केलं, त्यानेच तिला हरवलं होतं. आणि मला हेही दिसलं, की शेतातल्या त्या सगळ्या बाटल्या लवकर लवकर का थकत होत्या.

हे मी त्याला सांगितलं नाही. मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि मला त्याबद्दल जराही वाईट वाटत नाही. त्याने आधीच पुरेसं स्वतःला लावून घेतलं होतं, त्यात मी आणखी भर कुठे घालू? मी एवढंच म्हटलं, "मापात फरक पडला, म्हणून हे उत्तर धरता येणार नाही. परत करावं लागेल."

त्याने वर बघितलं. "म्हंजे ती हरली नाय?"

"अजून काहीच ठरलेलं नाही."

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि बर्फीचा तुकडा उचलला.

मॅडम भडकल्या. त्यांनी भडकायलाच हवं होतं. नमुन्यांचं सगळं काम फुकट गेलं होतं. माप घरच्या माणसाच्या हाती दिलंसच कसं, असं त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हटलं, मॅडम, तो काढा माझ्या आईचा आहे. कशी कोण जाणे, तेव्हा मी बोलून गेले. त्यांनी लॅबमधलं स्टोअर रिकामं करून दिलं. पाण्याच्या कुळातून थोडे कोळी घेऊन मी तिथे नव्याने सुरुवात केली. काढा मीच करायचा, मीच मोजायचा, मीच फवारायचा. घरातल्या कुंड्या रिकाम्या झाल्या. बाबाने त्यांत कोथिंबीर लावली, ती काही धड आली नाही.

त्या थंडीत त्याला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग बाथरूमपर्यंत जातानाही. बदलापूरच्या हॉस्पिटलात ठेवला, घरी आणला, परत ठेवला. छाती आतून खराब झालीय, म्हणाले. कशाने, ते या वेळी त्याने विचारलं नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, ते दिवसभर घुरघुरायचं. मी लॅबमधून आले की तो नाकातली नळी सरळ करून विचारायचा, "कितवी पिढी?" मी सांगायचे. तो मान हलवायचा. कोळ्यांच्या पिढ्या भराभर होतात, उन्हाळ्यात तर फारच. पण थंडीत त्याही रेंगाळतात. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटायचं.

शेवटच्या दिवसांतली एक दुपार मला नको इतकी आठवते. मी त्याला पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर त्याने तोंड फिरवलं.

"उत्तर नाय ना येत माज्यासमोर?" तो म्हणाला.

"येईल की. काही पिढ्याच राहिल्यात."

"तू आयसारखी बोल. खरा बोल."

मी चमचा वाटीत ठेवला. "नाही येणार बहुतेक, बाबा."

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "मी तर ठरवला व्हता," तो म्हणाला, "गेल्या गेल्या तिला बोलायचा, तुजा बरोबर व्हता. आता काय सांगू?"

"तेच सांग."

"खोटा?"

"खोटं कशाला? अजून ठरायचंय. तू आधी सांगून ठेव."

त्याच्या गालावर जरासं हसू आलं. "ती इचारंल, मशीन काय बोलली?"

"म्हण, पोरीला विचार."

"तिला सगला कलतं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपला. पण थोड्या वेळाने त्याने न बघताच माझा हात शोधला आणि मनगटाला धरून ठेवला. पेजेवर साय धरली. मी हात सोडवला नाही.

त्याच आठवड्यात तो गेला. घरात माणसं भरली. ज्या आत्याने मांडवात हसवलं होतं, तीच माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "तुज्या कोल्यांचा सांगायचा गं तो, येता-जाता." दिवस झाले, माणसं गेली. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याचं होतं, तेही गेलं. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू झाला तरी मी दचकायचे. मी लॅबमध्ये जास्त वेळ बसायला लागले. लोकांना वाटलं, पोरीने कामात मन रमवलं. मन कसलं रमतंय. घरी जावंसं वाटत नव्हतं, एवढंच.

मोजलेल्या मापाचे नमुने घ्यायची वेळ आली तेव्हा उन्हं पुन्हा तापली होती. ब्रश, नळ्या, बर्फ, चिरडणं, सगळं पुन्हा. मशीनला लावलं. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रेषा उठल्या. पाण्याच्या कुळाच्या आणि काढ्याच्या कुळाच्या, जवळजवळ एकावर एक. विष पचवणारे जीन जागचे फारसे हललेच नव्हते. काढ्याला कोळी अजून मरत होता. मी परत चालवलं, मग आणखी एकदा.

"नाही सरावले," मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "निदान इतक्या पिढ्यांत तरी नाही. या मापाला तरी नाही." विज्ञानात असंच बोलावं लागतं, आणि तेच बरोबर आहे. मी लिहितानाही तसंच लिहिलं.

बाहेरच्या लॅबमधली मुलं आत डोकावली, कोणीतरी पार्टी मागितली. मी हातमोजे काढले, डब्यात टाकले आणि स्टुलावर बसून राहिले. जन्मभर चाललेलं त्या दोघांचं भांडण अखेर मिटलं होतं. आई जिंकली होती. बाबाला जसं हवं होतं तसंच झालं होतं, आणि हे ज्याला सांगायचं असं घरात कोणीही उरलं नव्हतं.